पिवळं बटण

प्रिय भांडकुदळ,

पाकिटावरचं अक्षर बघून फसलीस ना? ते आमच्या मिस्त्रींच्या बायकोचं आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट न फोडताच तू कचऱ्यात टाकलं असतंस, आणि फोनवर तर माझा नुसता श्वास ओळखून फोन ठेवून देतेस. त्याबद्दल तक्रार नाही. मीच तशी वेळ आणली. पण हे शेवटपर्यंत वाच आणि मग काय फाडायचं ते फाड. यात मी विनवण्या केलेल्या नाहीत. म्हणजे सुरुवातीला एक पान केल्या होत्या, ते पान चुरगळून खिशात घातलंय. दुपारची जेवायची सुट्टी आहे, एका अर्धवट इमारतीच्या जिन्यात वायरच्या बंडलवर बसून लिहितोय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे. पत्र भुंग्याबद्दल आहे.

भुंगा तुझी बहीण आहे, पण त्याआधी ती माझी दोस्त आहे, असं मी म्हटलं की तू किती चिडायचीस. आई गेल्यापासून तिला न्हाऊमाखू तू घातलंस, वेण्या तू घातल्यास, आणि हा कुठला कॉलेज सोडलेला उपटसुंभ येऊन दोस्तीच्या गोष्टी करतो. पण आठव, तुमच्या घरचं वायरिंग बदलायला मिस्त्रींनी मला पहिल्यांदा आणलं तेव्हा काय झालं होतं. मी नवशिका. मेन बंद करायला सांगितलं, मी केला. मागच्या खोलीतून अशी किंकाळी आली की मिस्त्री शिडीवरून पडता पडता वाचले. तुमची ती मागची खोली, खिडकी नसलेली, भर दुपारीही दिव्याशिवाय हात दिसत नाही अशी. भुंगा पलंगाखाली शिरली होती आणि तू गुडघ्यांवर बसून तिला बाहेर ओढत होतीस. मिस्त्रींनी मला सगळ्यांदेखत झापलं. म्हणाले, आज न विचारता बंद केलंस, उद्या तसंच सुरू करशील आणि वर माझा हात तारेवर असला तर? आमच्या कामात तशी रीतच आहे. बंद करायच्या आधी हाक द्यायची, ‘बंद करतो’. पलीकडून ‘कर’ असं उत्तर आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. सुरू करतानाही तसंच. उत्तर नाही आलं तर कितीही घाई असो, जाऊन बघायचं.

भुंग्याने हे सगळं पलंगाखालून ऐकलं होतं. बाहेर आली, नाक पुसलं, आणि मला म्हणाली की मलाही विचारायचं. झालं, त्या दिवसापासून तुमच्या घरात काम असेपर्यंत मी दोनदा हाक द्यायचो, एकदा मिस्त्रींसाठी आणि एकदा तिच्यासाठी. ती कमरेवर हात ठेवून, इन्स्पेक्टर आल्यासारखी, जरा वेळ विचार करून ‘कर’ म्हणायची. कधी ‘थांब’ म्हणायची आणि मी थांबायचो, मिस्त्री वरून शिव्या घालत असले तरी. तू शिडी धरून हसायचीस. तुझं ते हसणं बघूनच मी नंतर महिनाभर फुकटची कामं काढत तुमच्याकडे येत राहिलो, हे तुला माहीत आहेच. पण तुला हे माहीत नाही की भुंग्याची भीती त्या हाकेने कमी झाली. तुझ्या बाबांना मी काका म्हणतो, ते म्हणायचे, भूत नाही, काही नाही, कशाला घाबरतेस. तिला भुताचं काही नव्हतंच. तिने मला सांगितलं होतं, अंधार न विचारता येतो म्हणून तिला राग येतो. विचारून आलेला अंधार तिला चालायचा. त्यात ती गुणगुणायची सुद्धा.

आणि टेपचं आठवतं? उरलेल्या टेपच्या रिंगा मी तिला द्यायचो. काळी नको, लाल नको, पिवळीच. मी तिला शिकवलं होतं की टेप कापली की टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी अंधारातही नखाला सापडतं. तुमच्या घरातल्या सगळ्या बटणांवर तिने पिवळे तुकडे चिकटवले होते आणि प्रत्येकाचा एक कोपरा दुमडलेला. तू ओरडलीस, भिंतींचं वाटोळं केलं म्हणून. ती तुला म्हणाली की डोळे मिटून हात फिरवून बघ. तू फिरवलास आणि बटण लगेच हाताला लागलं.

आता आपलं. थोडक्यात सांगतो, कारण तुला पाठ आहे. माझं डोकं गरम. कॉलेजमध्ये त्या कारकुनाच्या टेबलावर मी खुर्ची आपटली, तिथेच शिक्षण संपलं. तू म्हणालीस, मला अशा घरात राहायचं आहे जिथे कुणाचा आवाज चढत नाही. मी आवाज चढवून सांगितलं की मी नाही चढवणार. पुढे तुझं त्या क्लास चालवणाऱ्या सरांशी लग्न ठरलं आणि साखरपुड्याच्या दिवशी मी तुमच्या घराखाली उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा तमाशा केला. सर खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की घरी जा, आई वाट बघत असेल. सगळे म्हणाले, काय माणूस आहे. मलाही त्या रात्री झोपताना तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मुलीसोबत तिची धाकटी बहीणही सांभाळायला तयार होणारा माणूस, क्लासमध्ये आजवर कुणावर हात न उगारलेला, स्वतः उठून पाहुण्यांना पाणी देणारा. मी त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहणार?

तू नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेल्यापासून भुंगा शाळा सुटली की सरांकडे जाते, हे तुला माहीत आहे. काकांची पाळी संध्याकाळी उशिरा सुटते, तोवर ती तिथेच अभ्यास करते. क्लासची बाकीची मुलं गेल्यावरही. काका भेटतील त्याला सांगतात की सरांनी पोरीला माणसात आणलं, आता दिवे गेले तरी हूं नाही की चूं नाही. तुलाही फोनवर सांगितलं असेल. तुलाही बरं वाटलं असेल. मला ऐकून आधी हेवा वाटला. दोस्त मी, आणि भीती घालवली त्याने.

मग गेल्या पंधरवड्यात तुमच्या मेनच्या बोर्डातून ठिणग्या यायला लागल्या आणि मिस्त्रींनी दुसरं कोणी नव्हतं म्हणून मला पाठवलं. जाताना दम दिला की तोंड उघडायचं नाही. सुट्टीचा दिवस म्हणून काका घरी होते, माझ्याकडे न बघता बोर्ड दाखवला. भुंगा मागच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. मी दारातून हात केला, तिने वहीतून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. भांडकुदळ, ती गुणगुणत नव्हती. आपण तिला भुंगा कशावरून म्हणायला लागलो? जेवताना गुणगुण, केस विंचरताना गुणगुण, ताप आला तरी गुणगुण. मला वाटलं, मोठी झाली, मला विसरली. मी बोर्डापाशी गेलो आणि सवयीने दोन हाका दिल्या. काका म्हणाले, कर. मग मी मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, बंद करतो. उत्तर आलं नाही. पुन्हा हाक दिली. मग आतून आवाज आला, अगदी बारीक.

‘मी काही केलं नाही.’

मला कळलंच नाही. मी बटणाला हातही लावला नव्हता, पण बोर्ड तसाही मरायलाच टेकला होता, तेवढ्यात फट् झालं आणि घर अंधारलं. किंकाळी आली नाही. काका शेजारून अभिमानाने म्हणाले, बघ, हूं की चूं तरी करते का. मी टॉर्च घेऊन मागच्या खोलीत गेलो. भुंगा पलंगाखाली नव्हती. खुर्चीतही नव्हती. ती कोपऱ्यात उभी होती, भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून, कपाळ भिंतीला टेकवलेलं. टॉर्चचा उजेड पाठीवर पडला तरी वळली नाही. दिवे येईपर्यंत तशीच उभी राहिली, आणि आल्यावर कुणाकडे न बघता खुर्चीत बसून पुढची ओळ लिहायला लागली. कुणीही सांगितलं नव्हतं. तिला पाठ होतं.

मी काकांना काही बोललो नाही. काय बोलणार होतो? माझ्या तोंडून सरांचं नाव निघालं की त्यात जळफळाटच ऐकू येणार. मीही स्वतःला तेच विचारत होतो, की हा जळफळाट तर नाही? म्हणून मी गप्प बसलो. मी, आणि गप्प. तुला हसू येईल.

पण मग सरांच्या घराचं काम निघालं. लग्नाआधी सगळं वायरिंग नवं करून हवं होतं. मिस्त्री मला नेणार नव्हते, मीच हातापाया पडलो. सर दारात हसून भेटले, पुढच्या शिक्षणाचं काय म्हणून विचारलं, स्वतः चहा आणून दिला. मग सगळ्या खोल्या दाखवल्या. स्वयंपाकघराच्या पलीकडे एक लहानशी कोठी आहे, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायची. तिच्या दिव्याचं बटण आहे तसंच बाहेर ठेवा म्हणाले. मिस्त्री म्हणाले, बरं. नंतर मी मिस्त्रींना बाजूला घेऊन बोललो तर ते माझ्यावरच डाफरले, की कोठीचं बटण बाहेरच असतं, तुझं डोकं बाहेर ठेवून ये. तेही खरं. पण घरातल्या बाकी सगळ्या दारांच्या कड्या जुन्या, रंगाने चिकटलेल्या. कोठीची तेवढी नवी. बाहेरून, आणि वर, मोठ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर.

दुसऱ्या दिवशी कोठीत वायरची पट्टी ठोकायला मी आत शिरलो. गठ्ठे सरकवले. मागच्या भिंतीवर, माझ्या मांडीच्या उंचीवर, टेपचा एक चौकोन होता. पिवळा. एक कोपरा दुमडलेला. एकावर एक असे पुष्कळ थर दिल्याने तो भिंतीतून थोडा वर आला होता, बटण येतं तसा. मधोमध बोटाने घासून घासून पिवळा रंग गेला होता आणि तिथे काळपट, गुळगुळीत खळगा पडला होता. तिने आत स्वतःसाठी बटण केलं होतं गं. अंधारात हाताला सापडेल असं. आणि ते दाबत होती. किती वेळा दाबलं की टेपला खळगा पडतो, ते मला माहीत आहे, तुझ्या घरातल्या खऱ्या बटणांवरच्या टेपला अजून पडलेला नाही.

त्या वेळी सर पुढच्या खोलीत मुलांना शिकवत होते. तोच हळू आवाज. माझ्या हातात पक्कड होती. मध्ये फक्त एक दार होतं. आजवर मी कधी एवढा विचार केला नव्हता जेवढा त्या दारापर्यंत जाईस्तोवर केला. मी त्याचं तोंड फोडलं असतं, तर तो जखमी सज्जन झाला असता आणि मी साखरपुड्याला तमाशा केलेला तो माथेफिरू. मला पोलीस आत घेऊन गेले असते आणि भुंगा दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पुन्हा तिथेच. मी परत फिरलो, गठ्ठे जागेवर लावले, आणि पक्कड इतकी आवळून धरली होती की तळहातावर अजून वळ आहे.

शाळेच्या वाटेवर मी भुंग्याला गाठलं. विचारलं तर आधी ओळख नसल्यासारखी चालत राहिली. मी म्हटलं, कोठीतलं पिवळं बटण मी पाहिलं. थांबली. इकडेतिकडे बघितलं आणि आधी हे विचारलं की सरांना दाखवलंस का. नाही म्हटल्यावर तिचे खांदे सैल पडले. मग सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी. भित्र्या मुलांना अंधारातच शहाणं करायचं असतं. कपाळ भिंतीला लावून उभं राहायचं. रडलं की वेळ पहिल्यापासून सुरू. गुणगुणणं म्हणजे रडणंच. मी म्हटलं, ताईला का नाही सांगत? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू दोघांत लहान मी आहे.

‘ताईला सांगितलं तर तिचं लग्न मोडेल. आणि ते माझ्यामुळे मोडेल, असं सर म्हणाले.’

मी काकांकडे गेलो. हो, गेलो, आवाज न चढवता सगळं सांगितलं. काका चांगले आहेत गं, पण थकलेत. त्यांनी काय करावं? तिला घेऊन सरळ सरांकडे गेले आणि सरांच्या समोर तिला विचारलं, तुला कोंडतात का. ती नाही म्हणाली. सर तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले की त्या मुलाला मदतीची गरज आहे, त्याच्यावर रागावू नका. काकांनी मला दारातून हाकललं. भुंगा रोज जातेच आहे.

मग मला जे येतं ते मी केलं. काल कोठीत शेवटचं काम होतं. बाहेरचं बटण सांगितल्याप्रमाणे बसवलं. आणि दिव्यापासून एक वेगळी जोडणी भिंतीच्या आतून खाली आणली आणि पिवळ्या चौकोनाच्या जागी खरं बटण बसवलं, लहानसं, गठ्ठ्यामागे न दिसणारं. वर तिचीच टेप पुन्हा लावली, कोपरा दुमडून. जोडणी अशी दिली आहे की आतून दिवा लावला तर बाहेरच्या बटणाने तो विझवता येत नाही. प्लास्टर करून, पुसून, मिस्त्रींना हे न सांगता निघालो. वाटेत भुंगा भेटली तेव्हा तिच्या कानात सांगितलं की आता ते दाब, लागेल. तिने विचारलं, खरं बटण? मी म्हटलं, खरं. आणि किती दिवसांनी, शाळेच्या फाटकापर्यंत, ती थोडी गुणगुणली. मला वाटलं जग जिंकलं. घरी येऊन शर्ट काढताना लक्षात आलं की मी काय करून बसलोय. कोठीच्या दाराखाली बोटभर फट आहे. दिवा लागला की उजेड बाहेर येणार. त्याला दिसणार. मग तो आत जाणार, बटण शोधणार, आणि पुढे काय करेल हे मला माहीत नाही, कारण तो ओरडणारा माणूस नाही. ओरडणाऱ्या माणसाचं पुढचं पाऊल मला कळतं, मी स्वतः तोच आहे. फटीला आतून रबराची पट्टी मारून यावी असं वाटलं. पण मग हवेचं काय?

आज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभा होतो, दाबू नको म्हणून सांगायला. काका तिला पोचवायला आले होते. त्यांनी मला बघून तिचा हात घट्ट धरला आणि रस्ता बदलला. काल कामाच्या पसाऱ्यामुळे क्लासला सुट्टी होती, म्हणजे आज संध्याकाळी ती दाबणार. मी सांगितलंय म्हणून, दोस्ताने सांगितलंय म्हणून दाबणार. मी क्लाससमोरच्या फुटपाथवर उभा राहणार आहे आणि आतून काहीही ऐकू आलं तर दार तोडणार आहे, मग मला कुठेही नेऊ देत. पण ते एका संध्याकाळपुरतं झालं. रोज तिला त्या घरात जाऊ न देणं काकांच्या हातात आहे, आणि काका या जगात फक्त तुझं ऐकतात. म्हणून हे पत्र. पत्र टपालाने नाही, तुझ्या ट्रेनिंगच्या गावाला जाणाऱ्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मी तुझ्या जागी असतो तर नसता ठेवला. वाचून झालं की आधी काकांना फोन कर, तिला आज शाळेतून सरळ घरी आणा म्हणून सांग, कारण काहीही सांग. मग सुट्टी मिळो न मिळो, निघून ये. मागच्या खोलीत तिला जवळ घेऊन बस, दिव्याच्या बटणावर हात ठेव आणि नुसतं म्हण, बंद करते. ती ‘कर’ म्हणाली, तर मी खोटारडा, पुन्हा तुला तोंड दाखवणार नाही. पण ती दुसरंच काही म्हणाली, तर कृपा करून तो हात बटणावरून काढून तिच्या पाठीवर ठेव. तुझं लग्न कुणाशी व्हावं हे मी आता बोलणार नाही, माझ्याशी नाही झालं तरी चालेल, हे लिहिताना हात थांबला पण लिहिलं. दिवा लावण्यापुरतं मला येत होतं, ते मी केलं. कडी बाहेरून आहे, वर आहे. तिचा हात पोचत नाही.

तिचा पक्का दोस्त, आणि विचारलं नाहीस तरी तुझाच,
वायरदादा